केर्न्सचं वर्षावन आणि धबधबे: आई-बाबांसोबत एक दिवस, गाइडच्या गाडीतून

चितारआळी

मागे इथेच विचारलं होतं, की सत्तरीपुढच्या आई-बाबांना मेलबर्नहून केर्न्सला (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं शहर) नेतेय, मोकळा असा एकच दिवस आहे, तर रीफ (समुद्रातली प्रवाळं) करू की जंगल? बहुतेकांनी रीफ सांगितलं. आम्ही जंगल केलं. आईला होडी लागते, त्यामुळे मतदानाची वेळच आली नाही. तेव्हा ज्यांनी वेळ काढून उत्तरं दिली त्यांना हा वृत्तांत देणं लागते. लांबलाय, चहा घेऊन बसा.

केर्न्सहून (इथले लोक 'कॅन्झ' म्हणतात, टॅक्सीवाल्याने मला दोनदा विचारलं) जंगलाच्या एकदिवसाच्या सहली मुख्यतः दोन दिशांना जातात. उत्तरेला डेनट्री, नाहीतर घाट चढून ॲथर्टनच्या पठारावर. डेनट्रीचं नाव मोठं, पण गाडीत बसणं फार. पठारावर तळी, मोठी झाडं आणि धबधबे जवळजवळ आहेत, आणि वाटेत स्वच्छतागृहं भरपूर. साखर आणि प्रोस्टेट दोन्ही सोबत घेऊन फिरणाऱ्या घराला हा मुद्दा किती मोठा असतो ते ज्याचं त्याला माहीत.

गाडी अकरा जणांची. मी स्वतः चालवणार होते, पण लेकीने घाटात गाडी चालवायची आणि आपण मागे जीव मुठीत धरून बसायचं हे बाबांना मान्य नव्हतं. वाटाड्याला पैसे देणं तर त्याहून मान्य नव्हतं. 'रस्ता काय आपल्याला सापडत नाही?' शेवटी बुकिंग करून मगच सांगितलं.

गाइड म्हणजेच ड्रायव्हर. साठीचा गृहस्थ, अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे. पठारावरच जन्मलेला, घरचा दुधाचा धंदा. २००० साली ऑस्ट्रेलियात दुधाचे बांधलेले दर उठले, त्यानंतर गाई विकल्या आणि हे काम धरलं, असं त्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. आईने मला विचारायला लावलं, 'किती होत्या?' दीडशे. आईच्या नजरेत माणूस तिथेच वर चढला.

घाटाचं नाव गिलीज. १९ किलोमीटरात २६३ वळणं. गाइडने निघण्याआधीच विचारलं, कोणाला गाडी लागते का, आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. आवळासुपारीची डबी मध्ये ठेवून दोघं घाट चढले. वर पोचल्यावर आई म्हणाली, 'आंबोलीचा घाट बरा, निदान मध्ये भजी मिळतात.'

पहिला थांबा लेक बॅरीन. ज्वालामुखीचं तळं, काठाला दोन कौरी पाइन शेजारी शेजारी, हजार वर्षांहून जुनी. तिथल्या चहाघरात स्कोन मिळतो, पाव आणि नानकटाई यांच्या मधलं काहीतरी, जॅम आणि साय लावून. बाबांनी दोन खाल्ले. साखरेचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

तिथून कर्टन फिग. फोटो शंभर पाहिले होते, तरी समोर उभं राहिल्यावर बोलणं थांबलं. पक्ष्याने टाकलेलं बी एका झाडाच्या बेचक्यात रुजलं, मुळं खाली उतरली, जमिनीला टेकल्यावर जाड होत होत त्यांनी आधाराच्या झाडाला आवळलं. इथवर नेहमीचंच. पण इथे आधाराचं झाड आडवं होऊन शेजारच्यावर रेललं. तिरप्या खोडावरून मग सरळ रेषेत मुळं सुटली, १५ मीटर खाली. मूळ झाड केव्हाच कुजून गेलं, पडदा तेवढा उरला. भोवती लाकडी फळ्यांची वाट आहे. आईने चपला काढाव्यात की नाही याचा विचार केला, काढल्या नाहीत, पण प्रदक्षिणा पूर्ण घातली. वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. 'ह्याला दोरा गुंडाळायचा तर रीळ पुरायचं नाही,' एवढंच म्हणाली.

तिथेच झाडीत मूल रडल्याचा आवाज आला. कोणाचं तरी पोर चुकलंय म्हणून आई माघारी निघाली. गाइडने थांबवलं. कॅटबर्ड नावाचा हिरवा पक्षी आहे, तो असाच ओरडतो. त्याला हे रोजचंच असणार, पण हसला नाही, हे मला आवडलं.

जेवण ईचमच्या तळ्याकाठी. सहलीत जेवण होतं, पण आईने हॉटेलच्या खोलीत नेलेल्या तव्यावर थालीपिठं केली होती (खोलीतला धुराचा भोंगा वाजला नाही, देवाची कृपा). तिथे लाल डोक्याचा, काळा, कोंबड्याएवढा टर्की पक्षी टेबलाखालून आला आणि अर्धं थालीपीठ घेऊन पळाला. गाइडने मग त्याचं घर दाखवलं. पाचोळ्याचा ढीग, माझ्या कमरेएवढा उंच. अंडी आत पुरलेली. पाचोळा कुजताना जी ऊब निघते तिच्यावर अंडी उबतात, आणि नर चोच खुपसून ऊब बघत राहतो. जास्त झाली की पाचोळा उकरतो, कमी झाली की घालतो. आई म्हणाली, 'म्हणजे उकिरडा राखतो.' मी ते भाषांतर करून सांगितलं. आता हा शब्द गाइडच्या रोजच्या माहितीत गेला असावा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

बाबांनी सावंतवाडीत लाकडाच्या वखारीत चौतीस वर्षं काढली. इंग्रजी म्हणाल तर टिंबरपुरतं. दुपारच्या पायवाटेवर गाइडने सगळ्यांना वर बघायला सांगितलं. चहूकडे गच्च हिरवं, आणि मध्ये एक उंच झाड बोडकं. 'इथली जवळपास सगळी झाडं बारमाही हिरवी. हे मोजक्यांपैकी एक, हिवाळ्यात पानं टाकतं. मेलं वाटतंय का तुम्हाला?' मेलेलं नव्हतं. हे रेड सीडर. गोरे लोक १८८० च्या सुमारास या पठारावर आले ते आधी याच्यासाठी. घाट नाही, रेल्वे नाही, म्हणून ओंडके बॅरन नदीच्या पुरात सोडले. वाटेत बॅरनचा प्रचंड धबधबा. त्यावरून पडून कितीतरी ओंडक्यांच्या चिरफळ्या झाल्या. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा बाबा 'अरेरे' असं मोठ्यांदा म्हणाले. सबंध दिवसातला त्यांचा हा पहिला उद्गार.

गाइडने खिशातून एक तुकडा काढला. वीतभर लांब, करवतीने कापलेला, हाताळून गुळगुळीत झालेला. हातोहात फिरत तो बाबांकडे आला. त्यांनी नखाने कड खरवडली. अंगठ्याला थुंकी लावून तिथे घासलं, रंग लालसर उमटला. मग नाकाशी धरला. मग डोळ्यांजवळ नेऊन रेषा बघितल्या. मागची दोन माणसं वाट बघत उभी.

'ही तूण आहे,' बाबा म्हणाले.

मी म्हटलं, 'बाबा, हे ऑस्ट्रेलियातलं झाड आहे.' ते म्हणाले, 'असेना. तूण आहे. पानं कडुनिंबासारखी एका काडीला दोन्हीकडून, नि थंडीत झडतात. विचार त्याला.' विचारलं. पानं तशीच. त्याच्या मोबाइलमध्ये शास्त्रीय नाव निघालं, टूना सिलिआटा. माझ्या मोबाइलमध्ये तुणीचं नाव शोधलं, टूना सिलिआटा. एकच झाड. सह्याद्रीपासून इथपर्यंत.

यानंतर उरलेला दिवस मी बिनकामाची झाले. बाबा आणि तो पुढे, बोटांनी, हातवाऱ्यांनी, 'हार्ड', 'सॉफ्ट', 'बोरर' एवढ्या शब्दांवर. पायवाटेच्या कडेला काट्याची एक वेल लोंबत होती. तिला इथे गमतीने 'जरा थांब' म्हणतात, कारण कपड्यात अडकली की थांबावंच लागतं. बाबांनी दुरूनच 'वेत' म्हणून सांगितलं. तेही बरोबर, आपल्या वेताच्याच कुळातली.

धबधबे राहिलेच की. मिला मिला १८ मीटरचा. बाबांचं पहिलं वाक्य, 'एवढासाच?' पण तो रुंद, सरळ, एखाद्या पडद्यासारखा पडतो, आणि समोर गोल डोह. इथे गाइडने पाऊण तास दिला. थंडगार पाण्यात पोरं उतरली, आई-बाबा बाकावर बसले, तुषार अंगावर घेत. झिलीचा धबधबा वरच्या कठड्यावरून बघायचा. एलिंजाला खाली पायवाट उतरते, तिथे आम्ही गाडीतल्या मुलांना जाऊ दिलं आणि गाडीत बसलो. संध्याकाळी युंगाबुराच्या ओढ्यावर प्लॅटिपससाठी अर्धा तास मुकाट उभे होतो. काही बुडबुडे आणि एक तपकिरी पाठ, तीही मी बोट दाखवेपर्यंत बुडाली. आईला दिसलाच नाही. ती अजून म्हणते तुम्ही सगळे थापा मारता.

पाणकोंबडी

मस्त. उकिरड्याला हसले. आता कामाचे प्रश्न: खर्च किती आला, चालणं किती, आणि शाकाहारी जेवणाचं काय?

चितारआळी

आकडा देत नाही, कारण हंगामाप्रमाणे दर बदलतात. आमच्या घरी तो ऐकल्यावर जे व्हायचं ते झालं, पण संध्याकाळी बाबांनी स्वतःहून गाइडच्या हातावर वीस डॉलर ठेवले. चालणं सलग म्हणाल तर कुठेही अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, एलिंजा सोडून सगळं सपाट नाहीतर फळ्यांचं. बाबांची काठी गाडीतच राहिली. शाकाहारी आधी कळवलं तर देतात, पण पावात भाजलेली वांगी घालून. थालीपिठं न्या, टर्कीपासून सांभाळा.

रानवाटा_फुकट

वृत्तांत चांगला आहे, पण १८ मीटरच्या धबधब्याला एवढे पैसे? श्रावणात आंबोलीला या, रस्त्याच्या कडेला फुकट अंगावर पडतो. ठोसेघर बघा, कावळेसादला तर पाणी उलटं वर येतं. आपल्याकडे काय कमी आहे की परदेशात जाऊन ओढे बघायचे?

चितारआळी

माहेर सावंतवाडी आहे हो. आंबोलीचं पाणी अंगावर घेऊनच वाढले. त्याच आंबोलीत मला तूण कोणी कधी दाखवली नाही, हेही खरं. चाळीस वर्षं बाबांनाही विचारलं नाही की ही झाडं उभी असताना कशी ओळखायची.

मिरजेचा_भोपळा

तूण वाचून थांबलो. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत लहानपणापासून हे लाकूड बघतोय. सतारीची दांडी तुणीची करतात. भोपळा पंढरपूरकडचा, दांडी तुणीची. हलकं, चिवट, वाळल्यावर वाकत नाही आणि सूर गिळत नाही. तुमच्या वडिलांनी खरवडून वास घेतला ना, अगदी तस्संच कारागीर करतात. कच्चं लाकूड असलं तर वास ओला येतो म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांना वृत्तांत वाचून दाखवला. त्यांचा एकच प्रश्न: धबधब्यावरून पडलेल्या ओंडक्यांचं पुढे काय केलं?

चितारआळी

बाबांनीही नेमकं हेच विचारलं होतं. गाइड म्हणाला, जे धड मिळालं ते विकलं, बाकीचं समुद्राला.

डबलक्लच

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा मोठ्या बसची सहल घेतली. चाळीसेक माणसं. दर ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा माणसं मोजण्यात. मिला मिलाला पोरगी कपडे बदलून येईपर्यंत भोंगा वाजला. माइकवर टेप लावल्यासारखी माहिती, वर 'इथे फोटो छान येतो' ही त्यातली सगळ्यात उपयोगाची. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार त्यांच्याकडेच केली आहे. माझं मत झालं की गाडी भाड्याने घ्या आणि स्वतः फिरा. रस्ते उत्तम, धबधब्यांचा फेरा सोळा-सतरा किलोमीटरचा, पाट्या जागोजागी. पण हे वाचून वाटलं की चूक गाइडची नव्हती, बसच्या आकाराची होती. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: गाडीत माणसं किती, आणि थांबे किती. थांबे जितके जास्त तितकी सहल वाईट.

केर्न्सकर_परिचारिका

मी इथे आठ वर्षं आहे आणि आमच्या इमर्जन्सीत काय काय येतं ते बघते, म्हणून डबलक्लच यांच्या 'स्वतः फिरा'ला थोडी ठेच लावते.

पठारावर जरूर स्वतः जा. पण दक्षिणेला जोसेफिन फॉल्स आणि बबिंडाच्या धोंड्यांकडे जाणार असाल तर पाट्या खरोखर वाचा. जोसेफिनचं पाणी बार्टल फ्रिअरच्या उतारावरून येतं, क्वीन्सलँडमधला सगळ्यात उंच डोंगर तो. खाली ऊन आणि वर ढगफुटी, असं सर्रास होतं. तुम्ही तिथल्या कातळाच्या घसरगुंडीवर फोटो काढत असता आणि पाणी मिनिटांत चढतं. शेजारच्या बेलेंडेन केरच्या माथ्यावर वर्षाला सरासरी आठ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त. आंबोलीवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. बबिंडाला डेव्हिल्स पूल नावाचा डोह आहे, दिसायला शांत आणि हिरवागार. तिथे पोहायला बंदी आहे, ती उगीच नाही. धोंड्यांखालून ओढ असते. बुडालेले बहुतेक तरुण पुरुष असतात, हेही सांगून ठेवते.

दुसरं, डंख मारणारं झाड, जिम्पी-जिम्पी. पान हृदयाच्या आकाराचं, कडा दातेरी, अगदी लोभस. सूर्यप्रकाश जिथे पोचतो तिथे वाढतं, म्हणजे नेमकं पायवाटेच्या कडेला. त्यावरचे केस काचेसारखे, सिलिकाचे. कातडीत मोडून राहतात आणि दुखणं महिनोन्‌महिने परत परत उठतं, गार पाणी लागलं तरी. आपल्याकडचा आग्या माहीत असेल तर त्याच्याच कुळातलं, पण आग्या याच्यापुढे लेकरू. लागलं तर चोळू नका, खाजवू नका. केस काढायची मेणपट्टी लावून उपटतात, तेवढाच काय तो उपाय. चितारआळी, तुमचा गाइड सगळ्यांच्या पुढे चालत होता ना? त्याचं एक कारण हे.

चितारआळी

हो! आणि 'पान देखणं दिसलं तर हात लावू नका' असं सुरुवातीलाच म्हणाला होता. मला वाटलं विनोद करतोय.

लोणारचं_मीठ

अवांतर. लेक बॅरीन आणि ईचम ही ज्वालामुखीची तळी म्हटलीत, पण शंकूसारखा डोंगर दिसत नाही फोटोत. लोणारसारखी उल्केने झालेली असतील का?

परागकण

नाही. लोणार आघाताने झालेलं, बेसॉल्टवर उल्का आदळून. ही तळी 'मार' प्रकारची. खालून वर येणारा तप्त रस जमिनीतल्या पाण्याला भिडतो, वाफेचा स्फोट होतो, आणि डोंगर तयार होण्याऐवजी खड्डा पडतो. ईचम साधारण ६५ मीटर खोल. लोणारचं पाणी खारं, इथलं गोडं.

आणि मूळ विषयाला धरून एक. सहलींच्या जाहिरातींत 'जगातलं सर्वात जुनं वर्षावन, १८ कोटी वर्षं' असं हमखास असतं. ते वाचून लोकांना वाटतं समोरचं झाड न झाड डायनोसॉरनी पाहिलंय. जुनी आहेत ती इथल्या काही वनस्पतींची घराणी. जंगल मात्र हवामानाप्रमाणे आकसत-पसरत आलंय. या तळ्यांच्या बाबतीत तर एक विलक्षण गोष्ट आहे. १९६४ मध्ये रॉबर्ट डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने इथल्या न्गाजन-जी या मूळनिवासी लोकांपैकी एका वृद्धाकडून तळ्यांची जन्मकथा टिपून घेतली. दोन तरुणांनी घातलेली बंदी मोडली, इंद्रधनुष्यी सर्प कोपला, जमीन गरजली, आकाशाचा रंग पालटला, वस्ती गिळली गेली. स्फोटाचंच वर्णन. पण सांगणाऱ्याने शेवटी जोडलं की तेव्हा इथे हे जंगल नव्हतं, उघडं झुडपी रान होतं. लोकांनी ते कल्पना म्हणून सोडून दिलं असतं. पुढे तळ्याच्या गाळातले परागकण तपासले गेले, तेव्हा तिथलं वर्षावन साडेसात हजार वर्षांच्या आसपासचंच निघालं. म्हणजे झाडी यायच्या आधीची आठवण तोंडातोंडी टिकून होती.

तुमच्या गाइडने ही गोष्ट सांगितली का?

चितारआळी

नाही. तो म्हणाला, तळ्यांची गोष्ट माझी नाही, ज्यांची आहे त्यांच्याकडून ऐका. त्या वेळी मला वाटलं टाळतोय. आता वाटतं ठीकच केलं.

खेकडा_भजी

मग डेनट्रीकडचं मॉसमन गॉर्ज करा. तिथले मूळनिवासी कुकू यलंजी लोक स्वतः सहल नेतात, धुराने स्वागत करून. आम्ही तीच घेतली होती. आमची वाटाडी चोवीस-पंचवीसची मुलगी. एक पान चुरगळून पाणी घालून तिने साबणासारखा फेस काढून दाखवला, आणि म्हणाली, आजी अंघोळीला हेच द्यायची. माझ्या सासूबाई लगेच 'रिठा!' डेनट्रीचं राष्ट्रीय उद्यान २०२१ मध्ये या लोकांच्या नावे परत केलं गेलं, त्यामुळे ती 'आमचं जंगल' म्हणत होती ते नुसतं बोलायचं नव्हतं.

पुढे तारेवर ओढला जाणारा तराफा गाडीसकट नदीपार नेतो. पलीकडे सरकारी वीज नाही, मोबाइलची रेंज नावापुरती. कॅसोवरी (शहामृगासारखा, न उडणारा मोठा पक्षी) दिसेल या आशेने आम्ही तीन तास खिडकीला नाक लावून होतो. दिसलं काय, तर रस्त्यावर त्याची विष्ठा. गाडी थांबवून वाटाड्याने तिच्यातल्या बिया मोजून दाखवल्या. मोठमोठी फळं सगळीच्या सगळी गिळणारा तो एकच पक्षी तिथे उरलाय, त्यामुळे त्या झाडांचा प्रसार त्याच्यावर. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो, मादी पुढच्या नराकडे. हे ऐकून बसमधल्या सगळ्या बायका एकदम खूश.

जायच्या आधी रस्ता चालू आहे का ते मात्र बघा. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळाच्या पावसाने डोंगर खचून तो भाग कितीतरी दिवस तुटला होता.

रानवाटा_फुकट

परागकण यांचा प्रतिसाद वाचून माझे शब्द थोडे मागे घेतो. थोडेच. एक प्रामाणिक प्रश्न: कुरांडाची रेल्वे (केर्न्सहून घाट चढणारी) घ्यावी का? त्यात गाइडची गरज नाही आणि धबधबा आयता दिसतो म्हणे.

केर्न्सकर_परिचारिका

रेल्वे घ्याच, घाटातल्या गाडीचं प्रेम असेल तर. १८८६ ला काम सुरू झालं, १८९१ ला संपलं. १५ बोगदे, बहुतेक खोदकाम कुदळ-फावड्यांनी. स्टोनी क्रीकच्या पुलावर गाडी वळते तेव्हा स्वतःचेच मागचे डबे धबधब्यासमोर दिसतात. पण बॅरन फॉल्सचा फोटो बघून जाऊ नका. तो पुराच्या वेळचा असतो. वरचं पाणी धरणात अडवून विजेसाठी वळवतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात काळा कातळ आणि मध्ये दोन-तीन दोऱ्या एवढंच दिसतं. गाडी दहा मिनिटं थांबते, लोक उतरून कातळाचे फोटो काढतात आणि परत चढतात. भरलेला बघायचा तर जानेवारी ते मार्च. तेव्हा जळवाही असतात.

पाणकोंबडी

फेब्रुवारीतच जातोय, मुलाच्या सुट्टीमुळे नाही, तिकिटं स्वस्त म्हणून. जळवांना काय करायचं?

केर्न्सकर_परिचारिका

चितारआळींच्या गाइडसारखे लांब मोजे, त्यात पँट खोचायची, आणि दोन तासांनी एकदा तपासायचं. चिकटली तर नखाने तोंडाच्या बाजूने सरकवून काढा. मीठ-तंबाखू नको, आधीच खाल्लेलं ओकते ती जखमेत. आणि फेब्रुवारीत सहल रद्द झाली तर हुज्जत घालू नका. पैसे परत मिळतात की नाही, हे बुकिंगच्या वेळीच वाचून ठेवा.

मिरजेचा_भोपळा

तो लाकडाचा तुकडा शेवटी कोणाकडे राहिला? गाइडने दिला का वडिलांना?

चितारआळी

देत होता. बाबांनी घेतला नाही. विमानतळावर लाकडावरून चौकशा होतील ही एक धास्ती, आणि दुसरं, 'त्याला रोज दाखवायला लागतो.' हॉटेलच्या दारात उतरताना परत एकदा वास घेऊन त्याच्या हातात दिला.

मागच्या आठवड्यात सावंतवाडीहून फोटो आलाय. आमच्या माजघराच्या मधल्या दाराची चौकट. मी त्या दारात बोटं चेमटवून घेतलीत लहानपणी. बाबांनी कोपऱ्यातला ऑइलपेंट पत्र्याने खरवडलाय, सुपारीएवढी जागा, आतून लाल लाकूड. आई वैतागली आहे, दिवाळीला रंग दिला होता. फोटोखाली बाबांनी लिहिलंय, 'त्या दूधवाल्याला पाठव.' सहलीच्या मेलवर पाठवलाय. उत्तर आलं की इथे टाकते.